औलूचा मुराळी

पुंजाराम कुटे यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी फ्रिज बंद करून ठेवला होता. पंखा बंद, टीव्हीची पिन भिंतीतून उपटलेली, आणि आत त्यांची बायको, धोंडामावशी, मिक्सर बाजूला सारून पाट्यावर चटणी वाटत होत्या. एप्रिलचं ऊन नुसतं भाजत होतं. हॉलमध्ये कॉम्प्युटर तेवढा चालू होता आणि त्याच्यासमोर हे गृहस्थ बनियनच्या टोकानं घाम पुसत बसले होते.

"काका, लाइट गेलीय का?"

"नाय, हाय ना. मीच बंद केलंय समदं. ह्याला लोड कमी पडाया नको."

मला समजायला जरा वेळ लागला. काकांची सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात धातूचे तुकडे कापणाऱ्या लेथवर गेलेली. तिथं मोठं मशीन सुरू झालं की शेडमधल्या दिव्यांचा उजेड उतरतो. त्यावरून त्यांनी हिशेब बांधला होता की घरातली बाकीची यंत्रं गप्प केली, तर कॉम्प्युटरला इंटरनेट ओढायला जास्त जोर येईल. मला हसू आलं आणि मी ते दाबलंही नाही, चांगली मोठ्यानं हसले. माझा स्वभावच तसा आहे. माणसं आधी रागावतात आणि मग कॉम्प्युटर बिघडला की परत बोलावतात.

माझं दुकान इंदिरानगरात, काकांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. वर्ष २००८. पाटीवर 'संजना कॉम्प्युटर्स' लिहिलेलं असलं तरी निम्मे लोक आत येऊन "सर कुठं आहेत?" असं मलाच विचारायचे. काम बहुतेक एकाच जातीचं, व्हायरस काढा आणि फॉरमॅट मारा. लिनक्स ही वेगळी सिस्टीम वापरणारं गिऱ्हाईक म्हणजे औषधाला सुद्धा मिळायचं नाही. त्यामुळे एक रिटायर झालेला लेथवाला फोनवर "माझ्या लिनक्सचं अपडेट लय हळू चाललंय" म्हणाला, तेव्हा कुणीतरी थट्टा करतंय असंच मला वाटलं होतं.

थट्टा नव्हती. हे मशीन त्यांच्या मुलीनं, प्रतिभानं, फिनलंडला शिकायला जाण्याआधी बसवून दिलं होतं. बाबांना व्हायरसचा ताप नको म्हणून लिनक्स. अपडेट कसं करायचं तेही तिनं शिकवलं होतं. एक काळी खिडकी उघडायची, एक ओळ लिहायची, पासवर्ड द्यायचा, आणि मग मशीन आपलं आपण दूरच्या सर्व्हरवरून नवं सामान उतरवून घेतं. काका तीन वर्षं रोज सकाळी आंघोळ झाली की ते करत होते. माझ्या बघण्यात इतक्या निष्ठेनं अपडेट करणारा दुसरा माणूस आलेला नाही.

आता मात्र रोजच्या चिल्लर सामानानं भागणार नव्हतं. प्रतिभाला हिवाळ्यात मुलगी झाली होती. तिनं फोनवर सांगितलं होतं की कॅमेऱ्यावर बोलायचा प्रोग्राम तुमच्या मशीनवर फार जुना आहे, नवा हवा असेल तर अख्खी सिस्टीम एकदा नव्या आवृत्तीवर न्यावी लागेल. काकांनी लगोलग कॅमेरा आणून ठेवला. तो अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता. रोज सकाळी ते मोठं अपडेट सुरू करायचे, ते मुंगीच्या पायांनी सरकायचं, आणि निम्म्यावर येण्याआधीच लोडशेडिंगची वेळ व्हायची. लाइट गेली की मोडेम गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खटपट. आता तर त्यातलं काही पुढंच सरकत नव्हतं.

"एवढी घाई कशाला, काका? फोटो येतात ना मेलवर?" मी विचारलं.

उत्तर आतून आलं. धोंडामावशी पदराला हात पुसत, भिंतीला हात लावत बाहेर आल्या.

"फुटू काय करू, बाई? फुटू हालत नाय. मला आता जे हाललं तेच उमगतं."

त्यांना काचबिंदू होता. एक डोळा गेलाच होता आणि दुसऱ्याचं खरं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकेल ते सांगता यायचं नाही. प्रतिभा "पुढच्या वर्षी नक्की येते" म्हणत होती. पण पुढचं वर्ष येईपर्यंत मावशींचा डोळा थांबायला तयार नव्हता. म्हणून ही सगळी धडपड.

मग मात्र मी हसणं थांबवलं आणि कामाला लागले.

आधी टेलिफोनची वायर तपासली. भिंतीतून येणारी जोडणी ढिली निघाली, ती आवळली. फरक पडला नाही. मग मोडेम बंद करून चालू केला. मग वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायला मशीन वेळ लावतंय का ते पाहिलं, तेही ठीक होतं. दोनचार वेबसाइट उघडल्या तर भराभर उघडल्या. म्हणजे लाइनचा दोष नाही, मशीनचाही नाही. अर्धवट येऊन पडलेल्या फायली मी साफ केल्या, अर्धवट अपडेटमुळे सिस्टीमला लागून राहिलेलं कुलूप काढलं आणि काकांची ओळ पुन्हा चालवली. पहिलं सामान निघालं ते रडतखडत. आणि तेव्हा माझं लक्ष सामान कुठून निघतंय तिकडे गेलं. प्रत्येक ओळीत सर्व्हरचा पत्ता येत होता आणि प्रत्येक पत्त्यात एकच गाव होतं, औलू.

"अरे देवा," मी म्हणाले. "काका, हे सगळं फिनलंडहून येतंय. पार वरच्या टोकाहून. नाशिकमधला माणूस किराणा आणायला रोज काश्मीरला जाईल का? जवळचे सर्व्हर आहेत की. पत्ता बदलते, संध्याकाळच्या आत काम फत्ते."

मी पत्त्याची फाइल उघडली आणि खोडायला सुरुवात करणार, तेवढ्यात काकांनी माऊसवरचा माझा हात धरला. धरला म्हणजे घट्ट धरला. लेथवाल्याचा हात.

"ताई, ते राहू द्या."

"अहो, दुखणं तेच आहे!"

"असंल. पन ते राहू द्या. दुसरं कायतरी करा."

मला संताप आला. डॉक्टरनं रोग शोधून काढावा आणि पेशंटनं म्हणावं, हा सोडून दुसरा बघा. मी काहीतरी लागट बोलणारच होते, पण तेवढ्यात लाइट गेली. मोडेमचे हिरवे दिवे विझले. दुकानातही अंधारच असणार होता, म्हणून मी उठले नाही. मावशींनी पन्हं आणून दिलं आणि आम्ही दोघं जिन्यातल्या वाऱ्याला दार उघडं टाकून बसलो.

काका मूळचे सायखेड्याचे. घर गोदाकाठी, थोडी जमीन, तीत वांगी, कोबी आणि दसऱ्याला झेंडू. चार भावांना ती पुरणारी नव्हती, म्हणून मिसरूड फुटलं तसे ते सातपूरला हेल्पर म्हणून चिकटले. झाडू मारता मारता लेथ शिकले. कंपनीच्या बसनं जायचं, तीन पाळ्यांत झोप वाटून घ्यायची, आणि सुट्टी मिळाली की सायखेड्याला पळायचं. एकच बहीण, चिमणाबाई, ती तिकडे सटाण्याकडं दिलेली. आणि आखाजीला तिला माहेरी आणायचं काम दर वर्षी ह्यांचं.

आमच्याकडं आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासरी असलेल्या लेकीला आपली आपण येता येत नाही. माहेरचं कुणीतरी न्यायला जावं लागतं. त्या माणसाला मुराळी म्हणतात. काकांनी उमेदीची कितीतरी वर्षं मुराळीपण केलं. टोपलीत सांजोऱ्या, वर फडकं बांधलेलं, आणि सटाण्याच्या एस्टीत खिडकीपाशी जागा.

"चिमणाबाई सकाळधरनं दारात बसलेली असायची," काका म्हणाले. "एस्टी बंद पडो, टायर फुटो, मला यायला सांज होवो. ती काय उठायची नाय. म्हनायची, उशीर झाला तं झाला, मुराळी येतोच."

मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. ह्याचा कॉम्प्युटरशी काय संबंध, ते मला अजून कळलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात काकांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी पहिली लेथ आली. शिकवायला आलेला पोरगा विशीतला. त्यानं चार बटणं दाबली आणि काकांना सबंध दिवस लागायचा तो तुकडा बसल्या जागी कापून दिला. बाकीच्या कामगारांनी त्या यंत्राला शिव्या घातल्या. काका त्या रात्रपाळीहून घरी आले आणि शाळेत जायला निघालेल्या प्रतिभाला म्हणाले, "तू ते बटनाचं शिकायचं." एवढंच. पोरीनंही ते मनावर घेतलं. क्लास लावला, कॉलेज केलं, आणि एक दिवस परदेशातल्या विद्यापीठाचा कागद घेऊन बापापुढं उभी राहिली.

"मीच धाडली की तिला," काका म्हणाले. "कुनाला बोल लावू?"

जायच्या आदल्या आठवड्यात प्रतिभानं हे मशीन जोडलं. लिनक्स बसवताना मशीननं विचारलं, सामान कुठल्या सर्व्हरवरून आणू? ती स्वतः जाणार होती त्या गावचा पत्ता तिनं लिहिला. बापाला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "बाबा, मी दोन वर्षांत शिकून येते. तोवर हे मशीन रोज माझ्या गावाला येईल आणि काहीतरी घेऊन परत जाईल. तुमचा मुराळी समजा."

काका आठवीपर्यंत शिकलेले, पण इंग्रजी अक्षरं लावून वाचायचे. रोज सकाळी ते चहाचा कप घेऊन त्या काळ्या खिडकीसमोर बसायचे आणि ओळीओळीतून औलूचं नाव सरकताना बघायचे. आकडा हळूहळू वाढायचा. कधी मध्येच थबकायचा, तेव्हा काका म्हणायचे, बर्फ असंल वाटंत. संपलं की आत आवाज द्यायचे, "आला गं." मावशी तिकडून विचारायच्या, "बरी हाय का म्हनं?" आणि काका सांगायचे, "बरी हाय."

माझंही माहेर मालेगावकडं, आणि लग्नानंतर मला न्यायला कुणी आलं नव्हतं, कारण माझं लग्न घरच्यांना पसंत नव्हतं. आखाजीला मी दुकान उघडं ठेवते. म्हणून मला त्या म्हाताऱ्याचा राग आला आणि हेवाही वाटला, दोन्ही एकदमच. पण डोळा कुणासाठी थांबत नाही हेही मला दिसत होतं. मी सरळ बोलले.

"काका, मुराळी हवा का मावशींना नात दिसायला हवी? दोन्ही होणार नाही. औलूहून हे आणत बसलात तर पावसाळा लागेल."

काकांनी मान खाली घातली. त्यांचं उत्तर माझ्याच्यानं ऐकवलं नसतं, पण ते त्यांना द्यावंच लागलं नाही. मावशी दारात केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या, आम्हाला कळलंच नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तीन वर्सं तो जातोय न् येतोय. पोरगी काय संगं येत नाय. दमला असंल तो. बसू द्या त्याला घरी." मग म्हणाल्या, "मला दिसतंय तवर बघून घेऊ द्या."

लाइट आल्यावर काका स्वतः मशीनपाशी गेले. खुर्चीत मला बसवलं, आणि मी पत्ता खोडत असताना खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. मी जवळच्या सर्व्हरचा पत्ता घातला आणि ओळ चालवली. जे सामान इतके दिवस खुरडत होतं ते धो धो यायला लागलं. ओळी वाचता येईनात इतक्या भरभर वर पळाल्या. उन्हं कलेपर्यंत उतरवून झालं, आणि दिवेलागणीला सगळं बसूनही झालं. काकांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

रविवार होता, प्रतिभा घरीच होती. कॅमेरा पिशवीतून काढून मॉनिटरवर चिकटवला आणि मी कॉल लावला. आधी नुसते चौकोन दिसले, मग आवाज आला, मग चेहरा. मावशींना खुर्चीत बसवलं तर त्यांनी नाक काचेला लागेल इतकं तोंड पुढं नेलं.

"आई, मागे हो गं, मला नुसतं तुझं कुंकू दिसतंय!" प्रतिभा हसत होती आणि रडत होती.

"मी मागं झाले तं मला काय दिसनार?" मावशी म्हणाल्या. "पोर दाव."

प्रतिभानं बाळाला पुढं धरलं. दिशा नाव ठेवलं होतं. बाळ काही क्षण हललंच नाही आणि मावशींच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांना दिसत नव्हतं. इतकं करून उशीरच झाला की काय? तेवढ्यात बाळानं एक हात वर काढला आणि मूठ गोल गोल फिरवली.

"हालली!" मावशी ओरडल्या. "अहो, हालली बघा! हात कसा फिरवती, तुमच्यावानी! लेथचा दांडा फिरवावा तशी!"

त्या काचेवर बोटं फिरवत राहिल्या. बाळ हललं की "ते बघा", थांबलं की "हालव गं तिला". प्रतिभा बिचारी पोरीला गुदगुल्या करत होती. मग इकडच्या तिकडच्या गोष्टी निघाल्या. मावशींनी थंडीचं विचारलं. प्रतिभा म्हणाली, "इथे हेलसिंकीत गेलं आता बर्फ. औलूला असेल अजून." मी चमकून काकांकडं पाहिलं. ते मावशींच्या मागं, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे उभे होते.

"बाबा कुठायत? बाबा दिसत नाहीत."

"हाय मी हितंच," काका म्हणाले. "तुझ्या आईला बघू दे."

त्यानंतर दर रविवारी कॉल व्हायचा. आखाजीलाही झाला. मावशींनी सांजोऱ्या करून कॅमेऱ्यासमोर धरल्या. मी मध्ये मध्ये डोकावून जायचे, काम नसलं तरी. आषाढात एकदा गेले तेव्हा मावशी खुर्चीत काचेपासून लांब बसल्या होत्या. बाळ हात हलवत होतं आणि त्या त्याच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवत होत्या. जवळ जाऊन बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

पुढच्याच आठवड्यात काका दुकानात आले. छत्री दाराबाहेर निथळत ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, ते औलू परत घालून द्या."

"काय झालं? बिघडलं काही?"

"नाय, बेस चाललंय. पन आता काय घाई हाय? तिचं बघून झालं."

माझ्या मनात इतके दिवस एक गोष्ट अडकून होती. म्हाताऱ्यानं त्या दिवशी प्रतिभाचं बोलणं नीट ऐकलं नसावं, असं मला वाटत होतं. ती आता बोलून टाकावी असं ठरवलं.

"काका, प्रतिभा औलूला राहत नाही आता. मी ऐकलं त्या दिवशी. ती हेलसिंकीला असते. हवं तर तिथल्या सर्व्हरचा पत्ता घालते. तो मुराळी निदान तिच्या गावाला तरी जाईल."

"ठाऊक हाय," काका म्हणाले. "दीड वरीस झालं. नोकरी लागली तवाच गेली ती तिकडं. लगीन झालं, पोर झालं. लय चांगलं चाललंय तिचं."

"मग औलूला कोण आहे?"

काकांनी छत्रीतून पडणाऱ्या पाण्याकडं बघितलं.

"औलूला गेली ती पोरगी दोन वर्सांत परत येनार व्हती, ताई. तसं बोलून गेली मला, त्या टेबलापाशी बसून. हेलसिंकीला गेली ती तसं काय बोलली नाय." मग म्हणाले, "माझा मुराळी त्या पहिलीला आनाया गेलाय."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर घरी गेले. मावशी दाराकडं तोंड करून सोफ्यावर बसल्या होत्या. पावलांवरून त्यांनी आम्हाला ओळखलं. मी पत्त्याची फाइल उघडली, जवळचा सर्व्हर खोडला आणि औलू लिहिलं. ओळ चालवली. आकडा शून्यावर थोडा वेळ बसला आणि मग एकेक करत सरकायला लागला.

"निघाला का?" मावशींनी विचारलं.

"निघाला," काका म्हणाले.

ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी फ्रिज बंद केला. मग पंखा बंद केला. मी ह्या वेळी हसले नाही.